पिंजरा, फास आणि चाप

बाबा, आमच्या घरामागच्या कालव्यावर लावलेल्या पिंजऱ्यात एक जनावर अडकलं आहे, आणि मी त्या बाजूची खिडकी लावून घेऊन तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन आता पंचवीस वर्षं होतील. इतक्या वर्षांत तुम्हाला चार ओळी लिहाव्यात असं एकदाही वाटलं नाही. आज वाटलं, कारण पिंजऱ्याबद्दल बोलावं असं दुसरं माणूस मला माहीत नाही.

या जनावराला इथे नूतोरिया म्हणतात. तुम्ही पाहिलं असतंत तर म्हणाला असतात, ही घूसच की, फक्त बोक्याएवढी. अगदी तसंच आहे ते. केशरी दात, मागच्या पायांना बदकासारखे पडदे, शेपूट मात्र अस्सल उंदराची. मूळचं जपानचं नव्हे, कधीकाळी कातड्यासाठी परदेशातून आणून पाळलेलं. कातड्याची मागणी संपल्यावर कुणी सोडलं, काही पळालं. तेही परगावचं आणि मीही. भाताची रोपं खातं, कमळाचे कोंब खातं, पण खरं नुकसान करतं ते कालव्याच्या बांधाचं. पाण्याच्या पातळीला तोंड ठेवून आत हातभर, कधी पुरुष-दोन पुरुष लांब बीळ काढतं. घूस लागलेली भिंत कशी वरून धडधाकट दिसते, तसा बांध वरून हिरवागार दिसतो.

आम्ही आधी इचिकावाला होतो. तिथे आजूबाजूला आपली इतकी माणसं की दिवाळीला फराळाची ताटं जिन्यातून खाली-वर फिरायची. मग तुमच्या जावयांची, ज्यांना तुम्ही कधी पाहिलं नाहीत त्यांची, बदली ओकायामाकडच्या कारखान्यात झाली. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसे आम्ही इथे आलो. शेतांच्या कडेला एक जुनं घर भाड्याने मिळालं. माझं काम घरूनच चालतं, दिवसभर लॅपटॉप आणि मीटिंगा. तुमची नात दहा वर्षांची आहे. मी मराठीत विचारते, ती जपानीत उत्तर देते. आणि शेजारी एक आजोबा, इथे ओजीसान म्हणतात. ऐंशीच्या पुढचे, एकटे. भाताची दोन खाचरं आणि कमळाचं एक शेत. सकाळी दार उघडावं तर कडीला प्लॅस्टिकच्या पिशवीत मुळा नाहीतर पालक लटकवलेला. पहिल्या थंडीत मी त्यांना बेसनाचे लाडू नेऊन दिले, तर त्यांनी ते आधी आतल्या देव्हाऱ्यात बायकोच्या फोटोपुढे ठेवले, घंटा वाजवली, आणि मग एक उचलून खाल्ला. सोन्यासारखा माणूस, बाबा. पुढचं लिहायला हात उचलत नाही, म्हणून आधी तुमच्या गोदामाचं लिहिते.

तागाच्या पोत्यांचा आणि जुन्या गव्हाचा वास मला आजही येतो. शाळा सुटली की मी थेट तिथे. तुम्ही गोदामपाल, पोत्यांच्या थप्प्यांमधून चालताय, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात किल्ल्यांचा जुडगा, आणि मी मागे. दुसऱ्या मुली वडिलांकडून पाढे शिकत, मी उंदीर पकडायला शिकत होते. चाप भिंतीला आडवा ठेवायचा, कारण उंदीर भिंत धरून चालतो. औषध धान्याच्या आसपाससुद्धा नाही. पिंजरा साबणाने धुवायचा नाही, वास राहतो. आणि पिंजऱ्याचं दार पहिले दोन दिवस दोरीने उघडं बांधून ठेवायचं, आतला भज्याचा तुकडा त्याला खुशाल खाऊ द्यायचा. "विश्वास बसू दे त्याचा," तुम्ही म्हणायचात. तिसऱ्या दिवशी दोरी सोडायची. गोदामात तुम्ही नेहमी चापच लावायचात, खटकन संपतं म्हणून. घरी मात्र पिंजरा, कारण आई. "गणपतीचं वाहन आहे ते, माझ्या घरात रक्त सांडायचं नाही." मग सकाळी तुम्ही पिंजरा पोत्यात गुंडाळून सायकलच्या कॅरियरला लावायचात आणि संध्याकाळी रिकामा घेऊन यायचात. आई विचारायची, "लांब सोडलंत ना?" तुम्ही म्हणायचात, "कालव्यापलीकडे." माझे बाबा उंदरांना सोडून देतात, हे मी वर्गात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

मी तिसरीत होते. तुम्ही चष्मा घरी विसरलात आणि आईने तो माझ्याबरोबर पाठवला. गोदामात तुम्ही दिसला नाहीत म्हणून मी मागे गेले. मागे सिमेंटचा हौद होता. तुम्ही त्याच्या कठड्याशी उभे. चपला काढून बाजूला ठेवलेल्या. हातात दोरी, दोरीचं दुसरं टोक पाण्यात, आणि दोरी हलते आहे. मला पाहिलंत तरी तुम्ही दोरी ओढली नाहीत. "तिथेच थांब," एवढंच म्हणालात. दोरी हलायची थांबली, मग तुम्ही पिंजरा वर काढलात. मी ओरडले, "तुम्ही खोटारडे आहात!" तुम्ही रागावला नाहीत. हात धुतलेत, चष्मा घातलात आणि म्हणालात, "आहे. आईपुढे आहे. पण पिंजरा आपण लावला ना? मग पुढचं करायला दुसरं कोण येणार? नेऊन सोडला की तो दुसऱ्याच्या घरात शिरतो. आपल्या घरची पीडा लोकांच्या दारात नेऊन ठेवायची आणि वर पुण्य लागलं म्हणायचं, हे मला जमत नाही." मग म्हणालात, "आईला सांगू नकोस."

मी आईला सांगितलं नाही, पण तुम्हाला शिक्षा केली. रविवारी तुम्ही मोठ्या पातेल्यात दहीभात कालवून सगळ्यांना हातावर घास द्यायचात. त्या रविवारी मी हात पुढे केला नाही. म्हटलं, पोट दुखतंय. पुढच्या रविवारी पुन्हा पोट दुखलं. तुम्ही काही आठवडे माझा घास माझ्या ताटाच्या कडेला ठेवत राहिलात, तसाच वाळून जायचा तो. मग ठेवायचं बंद केलंत. का खात नाहीस, एकदाही विचारलं नाहीत. तुम्ही जाईपर्यंत तुमच्या हातचा घास मी परत घेतला नाही, आणि या गोष्टीचा मला कितीतरी वर्षं अभिमान होता.

आता इकडचं. यंदा एप्रिलमध्ये ओजीसानच्या कमळाचे कोंब फुटायला लागले आणि एकेका सकाळी दहा-दहा गायब व्हायला लागले. त्यांनी मला त्यांच्या शेडमध्ये नेलं. भिंतीवर तीन वस्तू होत्या. एक जुना दातेरी लोखंडी चाप, गंजलेला, त्यांच्या वडिलांचा. तो आता कायद्याने बंद आहे. एक तारेचा फास, पाय पडला की आवळणारा. आणि नगरपालिकेने वापरायला दिलेला जाळीचा लांबट पिंजरा. ओजीसानना कंबरेत वाकता येत नव्हतं, म्हणून लावायचं काम माझ्याकडे. "कुठला लावायचा?" त्यांनी विचारलं. मी क्षणाचाही विचार न करता पिंजऱ्यावर हात ठेवला. "यात जिवंत राहतं," मी म्हटलं. ते हसले. "जिवंत राहतं, म्हणून तर नंतरचं काम अवघड." मी म्हटलं, "नंतरचं मी बघते."

नंतरचं काय ते पिंजऱ्याबरोबर नगरपालिकेने दिलेल्या कागदावर स्पष्ट छापलेलं होतं, आणि मी ते पूर्ण वाचलं होतं. माझं सगळं ऑफिस जपानीत चालतं, तेव्हा भाषा कळली नाही असं म्हणायची सोय नाही. जनावर पकडलं की जागेवरून हलवायचं नाही. जिवंत दुसरीकडे नेणं आणि सोडणं गुन्हा आहे. नगरपालिकेत फोन करायचा, त्यांचा माणूस येतो आणि तिथेच काय ते करतो. मी पिंजरा बांधाला धरून, गोदामातल्या चापासारखा आडवा लावला, दार दोन दिवस दोरीने उघडं बांधून ठेवलं, आत गाजर. तिसऱ्या दिवशी दोरी सोडली आणि चौथ्या सकाळी नूतोरिया आत. ओजीसान चकित झाले. इतकं चटकन कुणाला मिळत नाही म्हणे. मला काय वाटलं असेल ते तुम्हाला सांगायला नको.

शनिवार होता. पिंजरा जुन्या चादरीत गुंडाळून गाडीत ठेवला, लेकीला बरोबर घेतलं आणि डोंगरावर वळणावळणाच्या रस्त्याने वीस मिनिटं जाऊन एका तळ्याकाठी दार उघडलं. ते लगेच निघालं नाही. बसून राहिलं, मिशा हलवत. मग पाण्यात उतरलं आणि नाक वर ठेवून सरळ पोहत गेलं. लेक माझा हात धरून म्हणाली, "आई, यासाशीई." आई, किती मायाळू आहेस. बाबा, त्या क्षणी मला तुमचा हौद आठवला, आणि मी मनात म्हटलं, बघा, असंही करता येतं. परत येऊन ओजीसानना सांगितलं की नगरपालिकेचा माणूस येऊन घेऊन गेला. त्यांनी मान लववून आभार मानले. खोटं बोलताना मला काहीच जड गेलं नाही.

दुसरं जनावर सापडलं त्याची शेपटी अर्ध्यातून तुटलेली होती. तेही त्याच तळ्यात. तीन आठवड्यांनी तिसरं सापडलं, आणि त्याची शेपटी अर्ध्यातून तुटलेली होती. मी पिंजऱ्यापुढे किती वेळ उकिडवी बसले होते कोण जाणे. दुपारी ओजीसानना सहज विचारल्यासारखं विचारलं, आपल्या कालव्याला पाणी येतं कुठून? त्यांनी बसल्या जागेवरून डोंगराकडे बोट केलं. वरच्या तळ्यातून. रस्ता वळसे घेत जातो म्हणून मला ते तळं लांब वाटलं होतं; पाणी मात्र सरळ उतरून येतं. आपल्याच पाण्याच्या उगमापाशी मी त्यांना नेऊन सोडत होते. इथल्या कुठल्याही शाळकरी मुलाला हे माहीत असतं. मी विचारलंच नव्हतं.

तेव्हा तरी सांगायचं. एक वाक्य होतं, बाबा. सांगितलं नाही. तिसऱ्याला दुसऱ्या खोऱ्यातल्या तळ्यात नेऊन टाकलं, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी दारात. आणि त्यानंतर पिंजऱ्याची दोरी सोडलीच नाही. दार कायम उघडं बांधलेलं. मी रोज गाजर ठेवायची, जनावरं ते रोज खाऊन जायची. ओजीसानना म्हणायची, हल्ली येत नाहीत वाटतं. ते म्हणायचे, बरं झालं. करून सवरून नामानिराळी राहणं म्हणजे काय, ते मला त्या महिन्याभरात नीट कळलं.

जूनमध्ये शेतांना पाणी सोडलं, मग चार दिवस पाऊस. सकाळी नऊची मीटिंग चालू होती. खिडकीतून हाक आली, फार मोठी नव्हती, सभ्य माणूस ओरडतो तशी. मी कॅमेरा बंद करून धावले. बांध वरून हातभर खचला होता आणि ओजीसान कालव्यात, छातीपर्यंत पाणी, शेजारी फावडं. त्यांना हलता येत नव्हतं. अँब्युलन्स येईपर्यंत मी पाण्यात उतरून त्यांचं डोकं धरून उभी होते. ते थरथरत म्हणाले, "कामाच्या वेळेला त्रास दिला, माफ करा." समोर, खचलेल्या मातीत, बिळाचं तोंड माझ्या डोळ्यांच्या रेषेत होतं.

खुब्याचं हाड मोडलं. मुलाने त्यांना कोबेजवळ वृद्धांच्या केंद्रात ठेवलं, आता ते परत यायचे नाहीत. घराला कुलूप, कमळाच्या शेतात गवत. हॉस्पिटलमध्ये मी एकदा भेटायला गेले होते, लेकीला घेऊन. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "तुम्ही इतकी मेहनत घेऊन पकडलंत," म्हणाले. सांगायचं म्हणून गेले होते. लेक शेजारी उभी होती. मी फळांची पिशवी ठेवली आणि परत आले.

गेल्या आठवड्यात नगरपालिकेचा माणूस आला. पन्नाशीचा, अदबीने बोलणारा. पिंजरा ओजीसानच्या नावावर आहे, तो परत घ्यायचा की माझ्या नावावर करायचा, हे विचारायला. मी त्याला म्हटलं, मला पिंजरा नको, चाप द्या. बिळाच्या तोंडाशी ठेवायचा, मान पकडून क्षणात संपवणारा, असा असतो ना? तो म्हणाला, असतो, पण इथे लावता येत नाही. मांजरं येतात, शेतांतून मुलं शाळेत जातात. मग फास? त्याला परवाना लागतो, म्हणाला, आणि तुम्ही पोहोचेपर्यंत त्याने पाय ओढून ओढून काय करून घेतलेलं असेल ते बघवत नाही. म्हणजे पिंजराच. "कुठलाही निवडा," तो म्हणाला, "शेवटी कुणालातरी जवळ जावंच लागतं."

मग कागद जुळवत, माझ्याकडे न बघता, त्याने सांगितलं की मे महिन्यात ओजीसान ऑफिसात आले होते. त्यांनी विचारलं होतं, आमच्या बांधावरून तुम्ही किती नूतोरिया नेली? एकही नाही, असं कळलं. मग म्हणाले, "शेजारच्या बाई भारतातल्या आहेत. त्यांच्या धर्मात जीव घेणं बसत नसणार. सोडून येत असतील. त्यांना काही बोलू नका, संकोच वाटेल. बिळं मी बुजवत जाईन." म्हणून ते रोज सकाळी फावडं घेऊन बांधावर जायचे. मी खिडकीतून बघायची आणि मला वाटायचं, म्हातारपणी व्यायाम चांगला. त्या माणसाने हे ओजीसानच्या चांगुलपणाची गोष्ट म्हणून सांगितलं. जाताना वाकून नमस्कार केला. मी दार लावलं आणि तिथेच, चपलांच्या पायरीवर, खाली बसले.

धर्माचं काही नव्हतं, बाबा. मला गणपती आठवलासुद्धा नव्हता. मला फक्त तुमच्यासारखं व्हायचं नव्हतं. तिसरीतल्या मुलीने एक निकाल दिला होता, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी मी तो खरा करून दाखवायला निघाले होते. माझा चांगुलपणा बुजवत एक ऐंशीपल्याडचा माणूस महिनाभर फावड्याने माती टाकत होता, आणि शेवटी त्याच मातीबरोबर खाली गेला. तुम्हालाही माहीत होतं की माझं पोट दुखत नाही. तुम्हीही बोलला नाहीत. दोघांनी मला सांभाळून घेतलं, आणि दोघांच्या जिवावर मी मायाळू राहिले. आता कोबेला जाऊन पाया पडले तरी ते उठून त्या शेतात उभे राहणार नाहीत. तुमचा घास तर मागायचीही सोय नाही. या सगळ्यात कुठे काही दुरुस्त होईल असं मला दिसत नाही, आणि होईल असं स्वतःला सांगायचंही मी सोडलं आहे.

पिंजरा माझ्या नावावर करून घेतला. सही केली. दोन दिवस दार बांधून ठेवलं आणि काल दोरी सोडली. आज सकाळी आत होतं. शेपूट पूर्ण आहे, म्हणजे हे ते तुटक्या शेपटीचं नव्हे. बसलं आहे गाजर दोन्ही हातांत धरून. नियम असा की फोन करायचा. ते पेटी घेऊन येतात, गॅसने संपवतात, मिनिटांचं काम असतं. ज्याच्या नावावर पिंजरा आहे त्याने तिथे उभं राहायचं आणि नंतर कागदावर सही करायची. तेवढंच माझ्या वाट्याला आहे. दोरी धरायचीसुद्धा नाही. दुपारी तुमच्या जावयांना ऑफिसात फोन केला, तर म्हणाले, "अगं, मग कर ना कॉल, त्यांचं कामच आहे ते." खरं आहे. नंबर तीनदा दाबला आणि तीनदा वाजायच्या आत ठेवला. वाटलं, आधी तुम्हाला लिहावं, लिहून झालं की बळ येईल. गोदामाचं लिहिलं, हौदाचं लिहिलं, दहीभाताचं लिहिलं. मध्ये चहा केला. चहा घेऊन परत लिहायला बसले.

नगरपालिका सव्वापाचला बंद होते. आज शुक्रवार आहे, आता सोमवारपर्यंत तिथे कुणी फोन उचलणार नाही. पिंजऱ्यातून जाळी कुरतडल्याचा आवाज बंद खिडकीतूनही येतो आहे. आत्ता साडेपाच वाजलेत, बाबा. हे पत्र एवढं लांबलं ते आपोआप नाही. मी घड्याळ बघून लिहीत होते.